मँचेस्टरचा टाउन हॉल : मनोऱ्यावरचे बोंड आणि त्याखालची इमारत

मँचेस्टरच्या ॲल्बर्ट चौकात उभे राहून टाउन हॉलच्या घड्याळाच्या मनोऱ्याकडे मान वर करून पाहिले, की सुमारे २८० फुटांवर अगदी टोकाला काटेरी कडांचा एक सोनेरी गोळा दिसतो. शहर दाखवणारे वाटाडे सांगतात की तो सूर्य आहे आणि उमलण्याच्या बेतात असलेले कापसाचे बोंडही आहे. ज्या शहराच्या पावसाळी, थंड हवेत कपाशीचे एक झाड उघड्यावर जगणार नाही, त्या शहराने आपल्या सर्वांत उंच जागी बोंड बसवले, ही गोष्ट मला इथे राहायला आल्यापासून विचारात पाडत आली आहे. ही इमारत दुरुस्तीसाठी बंद होण्यापूर्वी मी अनेकदा आत जाऊन पाहिली. तिच्याविषयी मराठीत सविस्तर लिहावे, अशी इच्छा होती. ती आज पुरी करते.

मँचेस्टरला नगरपालिका मिळाली १८३८ साली आणि शहराचा दर्जा मिळाला १८५३ साली. त्याआधीपासूनच किंग स्ट्रीटवर फ्रान्सिस गुडविन यांनी ग्रीक धाटणीत बांधलेला एक टाउन हॉल होता. परंतु गिरण्यांमुळे शहर इतक्या झपाट्याने वाढले, की १८६० च्या दशकात पाणी, गटारे, रस्ते आणि दिवाबत्ती यांची कामे पाहणाऱ्या कचेऱ्यांना तेथे जागा पुरेनाशी झाली. नव्या इमारतीसाठी जी जागा मिळाली ती त्रिकोणी होती. एका बाजूला ॲल्बर्ट चौक, उरलेल्या दोन बाजूंना प्रिन्सेस स्ट्रीट आणि लॉइड स्ट्रीट, आणि हे दोन रस्ते एकमेकांकडे झुकत मागे कूपर स्ट्रीटपाशी जागा निमुळती करत नेतात.

नकाशांसाठी खुली स्पर्धा जाहीर झाली आणि १३७ नकाशे आले. त्यांतून निवड झाली आल्फ्रेड वॉटरहाउस यांची, आणि या निवडीचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. केवळ दर्शनी सौंदर्याचा विचार करता परीक्षकांनी त्यांच्या नकाशाला चौथा क्रमांक दिला होता. तरीही उजेड, वायुवीजन, जाण्यायेण्याची सोय आणि दालनांची मांडणी या सर्व बाबतींत त्यांचा नकाशा इतरांच्या पुढे होता, म्हणून काम त्यांना मिळाले. दिखाऊपणासाठी व्हिक्टोरियन इमारतींना नेहमी नावे ठेवली जातात. त्यांतल्या एका अतिशय प्रसिद्ध इमारतीची निवड मात्र कचेरीत बसणाऱ्या कारकुनाला उजेड मिळेल की नाही, या कसोटीवर झाली होती.

वॉटरहाउस यांनी त्रिकोणाच्या मधोमध ग्रेट हॉल हे मोठे सभागृह ठेवले, त्याच्या भोवती उजेड-वाऱ्यासाठी अंगणे सोडली आणि तिन्ही बाजूंना रस्त्यालगत कचेऱ्या मांडल्या. त्या कचेऱ्यांना जोडणारे कमानदार छताचे लांब मार्ग आतल्या बाजूने फिरतात. त्यामुळे एखाद्या खात्यापासून दुसऱ्या खात्यापर्यंत जाताना बाहेर पडावे लागत नाही, आणि प्रत्येक खोलीला रस्त्याकडून किंवा अंगणाकडून उजेड मिळतो. महापौरांची आणि मेजवान्यांची दालने पहिल्या मजल्यावर चौकाच्या बाजूला आहेत. जिथे दोन बाजू मिळतात त्या कोपऱ्यांतल्या बेचक्यांत गोलाकार जिने बसवले आहेत. हे जिने म्हणजे या इमारतीतली माझी सर्वांत आवडती जागा. एका जिन्याला इंग्लंडचा, दुसऱ्याला स्कॉटलंडचा आणि तिसऱ्याला आयर्लंडचा ग्रॅनाइट वापरला आहे. जिन्यांच्या मधला पोकळ भाग गरम हवा वरच्या मजल्यांवर नेण्यासाठी वापरला होता, आणि दिव्यांच्या गॅसच्या नळ्या कठड्याखालून लपवून नेल्या होत्या. मुख्य जिन्याच्या पायऱ्या मुद्दाम कमी उंचीच्या आहेत. त्या काळच्या पायघोळ झग्यांतल्या स्त्रियांना चढताना अडचण होऊ नये, असा त्यामागचा विचार होता.

बांधकामात सुमारे १ कोटी ४० लाख विटा लागल्या, आणि बाहेरून त्यांवर ब्रॅडफर्डजवळच्या स्पिंकवेल खाणीच्या वालुकाश्माचे आवरण चढवले गेले. हा दगड मँचेस्टरच्या धुराला टिकेल, अशी अपेक्षा होती. दगड टिकला, पण पुढे कित्येक दशके इमारत काजळीने काळीठिक्कर पडलेली होती. जुन्या छायाचित्रांत ती कोळशाच्या डोंगरासारखी दिसते. आगीच्या भीतीपोटी मजल्यांसाठी लोखंडी तुळया आणि काँक्रीट वापरले होते. शैली तेराव्या शतकातल्या गॉथिकची, पण पोटात तिच्या काळातले सर्वांत नवे तंत्र, अशी ही रचना आहे.

पायाचा दगड २६ ऑक्टोबर १८६८ रोजी बसवला गेला आणि उद्घाटन १३ सप्टेंबर १८७७ रोजी झाले. राणी व्हिक्टोरिया यांना निमंत्रण होते, परंतु त्या आल्या नाहीत. शेवटी महापौर एबल हेवूड यांनीच इमारत खुली केली. मला यात उणेपणा वाटत नाही. हेवूड हे मोठे होऊन महापौर झालेले जुने वृत्तपत्रविक्रेते होते. सरकारी मुद्रांकाचा कर न भरता गरिबांसाठी काढलेले वृत्तपत्र विकल्याबद्दल त्यांनी १८३२ साली तुरुंगवास भोगला होता. नगरपालिकेच्या घराचे दार उघडायला त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा कोण मिळाला असता? मनोऱ्यातली तास देणारी आठ टनांहून जड घंटा आजही त्यांच्याच नावाने, ‘ग्रेट एबल’ म्हणून, ओळखली जाते.

प्रवेशद्वाराशी दोन पुतळे समोरासमोर आहेत. एक अणुसिद्धान्त मांडणाऱ्या जॉन डाल्टन यांचा आणि दुसरा उष्णता व कार्य यांचे नाते मोजणाऱ्या जेम्स जूल यांचा. दोघांचेही काम याच परिसरात झाले. सेनापती किंवा राजे यांच्याऐवजी दोन शास्त्रज्ञांना दारात उभे करणारे शहर मला आपले वाटते. आत वर गेल्यावर ग्रेट हॉलबाहेरच्या चौथऱ्यावर, रंगीत खड्यांच्या फरशीत मधमाश्या जडवल्या आहेत. मधमाशी हे कष्टाळूपणाचे प्रतीक म्हणून १८४२ पासून शहराच्या मानचिन्हात आहे. आणि ग्रेट हॉलच्या छतावर, मँचेस्टरचा ज्या नगरांशी आणि देशांशी व्यापार चालत असे, त्यांची मानचिन्हे रंगवलेली आहेत.

जानेवारी २०१८ मध्ये इमारत मोठ्या दुरुस्तीसाठी बंद करण्यात आली. छपराच्या पाटीदगडापासून तारा-नळ्यांपर्यंत सगळेच हाती घ्यावे लागले, आणि खर्चाचा आकडा तीस कोटी पौंडांच्या पुढे गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ च्या नगररचना आराखड्यात हीच इमारत पाडून टाकावी असे सुचवले होते, हे आठवले की हा खर्च मला मोठा वाटत नाही.

प्रतिसाद १

ताई, आपला लेख दोनदा वाचला. मी विदर्भातला असून आमच्या घरी चार पिढ्या कपाशी पेरली जाते, म्हणून त्या बोंडाविषयी काही लिहिल्यावाचून राहवत नाही.

मँचेस्टरच्या गिरणीमालकांना अमेरिकेतल्या कापसावर विसंबून राहण्याची भीती यादवी युद्धाच्या आधीपासूनच वाटत होती. दुसरीकडून कापूस मिळवण्यासाठी त्यांनी १८५७ साली मँचेस्टरमध्ये कॉटन सप्लाय असोसिएशन स्थापन केली, आणि तिची नजर मुख्यतः हिंदुस्थानावर होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस बंद झाला तेव्हा मुंबईच्या बाजारात भाव गगनाला भिडले. मुंबईत शेअरांचा जुगार फोफावला आणि युद्ध संपताच १८६५ साली तो कोसळला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. पुढे १८७० साली खामगावच्या कापसाच्या बाजारासाठी खास फाटा काढण्यात आला आणि तो सुरू करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. म्हणजे तिकडे आपल्या टाउन हॉलच्या भिंती चढत होत्या, त्याच वर्षांत इकडे वऱ्हाडातल्या गाठी बंदरापर्यंत लवकर पोहोचाव्यात यासाठी रूळ पडत होते.

आमच्याकडच्या कापसाचा तंतू आखूड. त्यामुळे हिंदुस्थानातून गेलेला सगळाच कापूस लँकेशायरमध्ये, म्हणजे मँचेस्टरच्या भोवतालच्या गिरण्यांच्या परगण्यात, ‘सुरती’ या नावाने हिणवला जात असे, आणि तो कातताना सूत सारखे तुटते म्हणून तिथले कामगार वैतागत. त्यांची तक्रार खोटी नव्हती, पण नाव आमच्या मातीचे खराब झाले.

आपण उद्घाटनाची तारीख १३ सप्टेंबर १८७७ दिली आहे. ती वाचताना मी थांबलो. तो काळ दख्खनच्या १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाचा आहे. त्याच वर्षी १ जानेवारीला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, हीही नोंद इथे असावी. शिवाय हिंदुस्थानात येणाऱ्या सुती कापडावरची आयात जकात उठवावी म्हणून मँचेस्टरचे व्यापारी त्या दशकात सतत दबाव आणत होते, आणि १८८२ साली ती उठवलीही गेली. इमारत सुंदर आहे, यात शंका नाही. तिच्या छतावरच्या मानचिन्हांकडे पाहताना हा हिशेबही मनात असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

धागालेखिकेचा प्रतिसाद

आपण जे लिहिले ते माझ्या लेखात असायलाच हवे होते. बोंडाचा उल्लेख करून मी पुढे गेले, आणि ते बोंड कुठल्या शेतातले हे सांगायचे राहिले. मनापासून आभार.

त्यात एकाच गोष्टीची भर घालते. कापसाच्या त्याच टंचाईत लँकेशायरचे लाखो कामगार बेकार झाले आणि अर्धपोटी राहिले. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये भरलेल्या कामगारांच्या सभेने गुलामगिरीविरुद्ध अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांना पाठिंबा देणारे पत्र पाठवले, आणि जानेवारी १८६३ मध्ये लिंकन यांनी त्याला उत्तर दिले. टाउन हॉलपासून चालत दोन-तीन मिनिटांवर लिंकन यांचा पुतळा आहे तो यामुळेच. जकात उठवण्यासाठी झगडणारे आणि उपाशी पोटी ठराव करणारे, अशी दोन्ही मँचेस्टर एकाच काळात नांदत होती.

प्रतिसाद २

मी मुंबईत वास्तुरचनेचा व्यवसाय करतो. त्रिकोणी जागेचा मुद्दा वाचून आपल्या मुंबई महानगरपालिकेच्या मुख्यालयाची आठवण झाली, कारण तिथला प्रश्न जवळपास हाच होता आणि उत्तर मात्र उलटे आहे.

मुंबईत ‘टाउन हॉल’ म्हटले की एशियाटिक सोसायटीची पांढरी खांबांची इमारत डोळ्यांसमोर येते. परंतु ती कर्नल थॉमस कौपर यांच्या नकाशावरून १८३३ साली पूर्ण झाली, म्हणजे व्हिक्टोरिया राणी गादीवर येण्याच्या चार वर्षे आधी. मँचेस्टरच्या टाउन हॉलशी नाते जोडायचे तर ते बोरीबंदरसमोरच्या पालिकेच्या इमारतीशीच जोडावे लागेल. तिचा पायाचा दगड ९ डिसेंबर १८८४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी बसवला. स्थानिक स्वराज्याचा १८८२ चा ठराव ज्यांचा, त्यांच्याच हातून हे झाले. रॉबर्ट चिझम यांचा हिंदी-मुसलमानी वळणाचा नकाशा आणि एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा गॉथिक नकाशा यांत अखेर स्टीव्हन्स यांची सरशी झाली, आणि १८९३ साली इमारत पुरी झाली. बोरीबंदरचे स्टेशनही स्टीव्हन्स यांचेच.

ही जागा म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रस्ता आणि महापालिका मार्ग यांच्या बेचक्यातली पाचर आहे. वॉटरहाउस यांनी मँचेस्टरमध्ये मनोरा त्रिकोणाच्या रुंद बाजूवर, चौकाकडे तोंड करून उभा केला आणि निमुळते टोक मागे ठेवले. स्टीव्हन्स यांनी नेमके ते निमुळते टोकच दर्शनी केले, आणि सव्वादोनशे फुटांहून उंच असा घुमटधारी मनोरा त्यावर चढवला. याचे कारण समोरच्या जागेत आहे. मँचेस्टरला पुढे चौक मोकळा होता, म्हणून इमारतीला भिंतीसारखे पसरता आले. मुंबईत समोर स्टेशनाचा घुमट होता आणि रस्ते दोन्ही बाजूंनी येऊन मिळत होते, त्यामुळे कोपऱ्यावर उभे राहून दोन्ही रस्त्यांना एकदम सामोरे जाणेच योग्य होते. मुंबईच्या इमारतीचे घुमट फुगीर कांद्याच्या आकाराचे आहेत. चिझम हरले, पण त्यांच्या बाजूची कल्पना घुमटांवाटे आत आली, असे मला वाटते. दर्शनी त्रिकोणावर पंख असलेली स्त्रीमूर्ती आहे आणि तिच्याशी ‘हिंदुस्थानातील पहिले नगर’ या अर्थाचे लॅटिन ब्रीद जोडलेले आहे. समोर सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा आहे, आणि १८८८ च्या महापालिका कायद्यातला त्यांचा वाटा पाहता त्या जागी दुसरे कोणी शोभले नसते.

प्रतिसाद ३

फारच माहितीपूर्ण चर्चा. कोल्हापूरचा टाउन हॉल चार्ल्स मँट यांनी १८७२ ते १८७६ या काळात गॉथिक धाटणीत बांधला, म्हणजे तो मँचेस्टरच्या इमारतीचा अगदी समकालीन आहे. तिथे आता वस्तुसंग्रहालय असून ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू पाहायला मिळतात. इमारत आकाराने लहान आहे, पण भोवतीच्या बागेसह पाहावी अशी आहे.

धागालेखिकेला एक विनंती आहे. ग्रेट हॉलमधल्या भित्तिचित्रांविषयी मी पूर्वी थोडे वाचले होते. आपण ती प्रत्यक्ष पाहिली असतील, तर त्यांविषयीही लिहावे.

धागालेखिकेचा प्रतिसाद

भित्तिचित्रांविषयी मुद्दामच लिहिले नव्हते, कारण तो विषय सुरू केला की आवरत नाही. आता आपणच विचारले आहे, तर लिहिते.

ग्रेट हॉलच्या दोन लांब भिंतींवर प्रत्येकी सहा, अशी फोर्ड मॅडॉक्स ब्राउन यांची एकूण बारा चित्रे आहेत. १८७९ साली त्यांनी काम सुरू केले आणि शेवटचे चित्र १८९३ साली पूर्ण झाले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. सुरुवातीची चित्रे भिंतीच्या गिलाव्यावरच रंगवली आहेत. इंग्लंडच्या दमट हवेत इटलीची ओल्या गिलाव्यावरची पद्धत टिकत नाही, म्हणून मेण आणि राळ मिसळलेल्या रंगांची एक वेगळी रीत तिथे वापरली होती. शेवटची काही चित्रे मात्र त्यांनी कॅनव्हासवर रंगवून भिंतीवर बसवली. उतारवयात अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा अखेरचे चित्र त्यांनी डाव्या हाताने पुरे केले.

विषय रोमन सैनिकांच्या गढीपासून सुरू होतात. त्यात राजाचा बाप्तिस्मा आहे, डेन लोकांना हुसकावून लावणे आहे आणि चौदाव्या शतकात फ्लँडर्सहून आलेल्या विणकरांचे आगमन आहे. पण मला सर्वांत भावते ते वजने-मापे तपासण्याच्या १५५६ च्या दवंडीचे चित्र. नगराच्या इतिहासातला मोठा प्रसंग म्हणून खऱ्या वजनाची दवंडी रंगवावी, ही कल्पनाच नगरपालिकेच्या सभागृहाला साजेशी आहे. दुसरे आवडते चित्र विल्यम क्रॅबट्री यांचे. १६३९ साली सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र पाहून हा कापडाचा व्यापारी छातीवर हात ठेवून थक्क उभा आहे, आणि मागे त्याची बायकामुले आहेत. डाल्टन दलदलीतला वायू गोळा करताना दिसतात. शेजारी पोरे जमली आहेत आणि एक मुलगा त्यांना मदत करतो आहे.

जॉन के यांचे चित्र मात्र पाहताना जड जाते. धावता धोटा शोधून काढणाऱ्या या माणसाच्या घरावर १७५३ साली, आपले काम जाईल या भीतीने चिडलेल्या विणकरांचा जमाव चालून आला आहे. घरातली माणसे त्याला कापडात गुंडाळून बाहेर काढत आहेत. यंत्रामुळे श्रीमंत झालेल्या शहराने यंत्राला घाबरलेल्या माणसांचेही चित्र आपल्या भिंतीवर ठेवले, याचे मोल मला वाटते.

एक उणीव मात्र उघड दिसते. १६ ऑगस्ट १८१९ रोजी, या इमारतीपासून काही मिनिटांवर असलेल्या सेंट पीटर्स फील्डवर, मताधिकार मागायला जमलेल्या हजारो लोकांवर घोडेस्वार घातले गेले आणि अनेक माणसे मारली गेली. पीटरलू म्हणून ओळखली जाणारी ती घटना या बारा चित्रांत कुठेही नाही. शहराच्या राजकीय जीवनाला तिच्याइतके वळण देणारा प्रसंग दुसरा नसेल. खऱ्या वजनांची दवंडी ज्या भिंतीवर आहे, तिथेच ती जागा रिकामी राहिल्याची मला खंत वाटते.

प्रतिसाद ४

पुढच्या वर्षी कामानिमित्त दोन आठवडे मँचेस्टरला येण्याचा योग आहे. आतून पाहायला मिळाले नाही, तर बाहेरून काय पाहावे?

धागालेखिकेचा प्रतिसाद

चौकात उभे राहिलात तर आधी दारावरचा रोमन सेनापती ॲग्रिकोला शोधा. इसवी सन ७९ मध्ये या जागी पहिली गढी उभारली गेली, ती त्याच्या कारकिर्दीत. मग इमारतीला एक पूर्ण प्रदक्षिणा घाला, कारण चौकातून ती आयताकृती वाटते आणि कूपर स्ट्रीटच्या टोकाला पोहोचल्यावरच तिचा त्रिकोण कळतो. लॉइड स्ट्रीटच्या पलीकडे १९३८ साली पुरा झालेला विस्तार आहे. व्हिन्सेंट हॅरिस यांनी तो साध्या, शांत रेषांत बांधला आणि जुन्या इमारतीवर कुरघोडी केली नाही.

एखादा दिवस मोकळा असेल तर व्हिक्टोरिया स्थानकावरून बरीकडे जाणाऱ्या ट्रामने हीटन पार्कला जा. किंग स्ट्रीटवरचा गुडविन यांचा जुना टाउन हॉल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडला गेला, पण त्याचे दर्शनी खांब तेवढे वाचवून तिथल्या तळ्याच्या काठी पुन्हा उभे केले आहेत. मागे इमारत नाही, नुसते खांब आणि पाणी आहे. संध्याकाळचे ऊन पडलेले असताना ते पाहावेत.